सदतीस प्रमुखांचं शिबिर

फुकट काम करणाऱ्या माणसाला मेमो देणारा गृहस्थ पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या साऱ्या कारखानदारीत एकच निघाला, आणि ते म्हणजे आमचे उद्धवराव वाघचौरे. ‘आपण दिनांक नऊ रोजी सायंवर्गातील कर्तव्यावर विनापरवानगी गैरहजर राहिलात, तरी तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा’ असा तो मेमो होता. खाली सही, सहीखाली शिक्का. तो मिळाला ज्ञानदेव नावाच्या फिटरला. त्याने तो दोनदा वाचला, घडी करून वरच्या खिशात ठेवला आणि म्हणाला, “राव, पगार देत नाही, चहा देत नाही, मेमो मात्र वेळेवर देता.” त्यानंतर तो सायंवर्गाकडे फिरकला नाही.

यात उद्धवरावांचा दोष म्हणाल तर एवढाच, की ते सतरा वर्षं एका गिअरच्या कंपनीत टाइम ऑफिस सांभाळत होते. कोण किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर पडला, कोणाची पाळी कोणती, हे सारं त्यांच्या हजेरीपटात लाल-निळ्या शाईने नोंदलेलं असे. माणूस म्हणजे काय, असं त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तर त्यांनी ‘टोकन नंबर’ असंच उत्तर दिलं असतं. अशा माणसाला मोठ्या साहेबांनी एक दिवस बोलावलं आणि सायंवर्गाच्या स्वयंसेवकांचं प्रमुख केलं.

पिंपरीला कंपनीच्या गेटाशेजारी जुन्या कँटीनची पत्र्याची शेड होती. तिथे संध्याकाळी सहा ते साडेसात मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवत. शिकणारे तीसेक, त्यात ठेकेदाराचे हमाल, झाडूवाल्या, कामगारांच्या बायका. शिकवणारे एकवीस, सगळे कंपनीतलेच, मॅट्रिक किंवा आयटीआय झालेले, आपखुशीने येणारे. उद्धवरावांनी सूत्रं हाती घेताच आपखुशीला शिस्त लावली. आडनावांच्या अक्षरक्रमाने वार वाटून दिले, हजेरीपट घातला, तीन उशिरांना एक लाल खूण ठरवली. सहा महिन्यांत एकवीसचे चार राहिले. चारातल्या एकाचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं.

मोठे साहेब तसे भले, पण त्यांनाही वरून विचारणा होत होती. “वाघचौरे,” ते म्हणाले, “नोव्हेंबरअखेर मी स्वतः येऊन बघेन. आठवड्याचे सहाही दिवस शिकवणारी माणसं उभी असतील तर वर्ग राहील. नाहीतर शेड स्कूटर स्टँडला देऊ. स्टाफच्या स्कूटरी उन्हात तापतात.”

उद्धवराव घरी आले आणि भिंतीला टेकून बसले. वर्गात गिरजाबाई म्हणून एक झाडूवाली येई. स्वतःच्या नावातला ‘गि’ तिला जमला होता, आता ‘र’वर आली होती. उद्धवराव रोज हजेरी घेताना तिरप्या नजरेने तिची पाटी बघत. त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं, पण ती बाई ‘जा’पर्यंत पोचण्याआधी तिथे स्कूटरी उभ्या राहिल्या तर ते त्यांना बघवलं नसतं.

“अहो, जेवायला चला,” त्यांच्या पत्नी सुमनताई म्हणाल्या.

“माणसं टिकत नाहीत गं माझ्याकडे.”

“ते मला लग्नानंतर महिन्यातच कळलं होतं. मी टिकले ही गोष्ट वेगळी.”

त्याच आठवड्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर त्यांना एक बातमी दिसली. मुंबईत म्हणे प्रा. अष्टपुत्रे नावाचे गृहस्थ स्वयंसेवकांच्या प्रमुखांना शास्त्रशुद्ध प्रशिक्षण देतात. उद्धवरावांना एकदम हायसं वाटलं. म्हणजे हेही एक शास्त्र आहे, आणि ते आपल्याला कोणी शिकवलंच नाही. दोष आपला नव्हे, अभ्यासक्रमाचा. त्यांनी पत्र टाकलं. प्राध्यापकांचं आठ दिवसांत उत्तर आलं, की एकट्यासाठी येणं परवडत नाही, पण परिसरातले सगळे प्रमुख एकत्र आणत असाल तर आनंदाने येईन, कारण प्रमुखांनी एकमेकांना ओळखणं हेच अर्धं प्रशिक्षण असतं.

झालं. एका सायंवर्गासाठी निघालेले उद्धवराव आता देहूरोडपासून दिघीपर्यंतच्या तमाम प्रमुखांचं शिबिर भरवायला निघाले.

पहिला सल्ला आला शेजारच्या मालोजीरावांकडून. मालोजीराव देहूरोडच्या डेपोतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. चाळीत कोणाची शेगडी पेटत नसली तरी आधी त्यांचा सल्ला जाई, मग रॉकेल. “उद्धवराव, आधी बिल्ले करा,” ते म्हणाले. “बिल्ल्याशिवाय माणूस ओळखू येत नाही.” उद्धवरावांना हे फार पटलं. गोल, पिवळे, रेशमी फितीचे बिल्ले आले. प्रत्येकावर ‘प्रमुख’ असं छापलेलं. चाळीस बिल्ल्यांत ‘स्वयंसेवक’ असा एकही नव्हता, हे तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही.

मग तारखेचं त्रांगडं. विजेची टंचाई होती, त्यामुळे कारखान्यांच्या सुट्ट्या आठवड्यात वाटून दिलेल्या होत्या. भोसरीकडच्या मंडळींना गुरुवारी सुट्टी, चिंचवडच्या काहींना शुक्रवारी, इकडच्यांना रविवारी, चाकणला एक तेलाची घाणी होती तिला सोमवारी. उद्धवरावांनी मोठ्या कागदावर चौकटी आखल्या, आडव्या ओळीत वार आणि उभ्या ओळीत सदतीस प्रमुख. सगळ्यांची सुट्टी एकत्र येईल असा वार काही सापडेना. तीन दिवस त्यांनी तो कागद उलटासुलटा करून पाहिला. अखेर सुमनताई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, “रविवार ठेवा. ज्यांना सुट्टी नाही ते रजा टाकतील. प्रमुख म्हणून बोलावलंय म्हटल्यावर माणूस आईच्या आजारपणाची राखलेली रजासुद्धा टाकतो.”

आणि तसंच झालं. सदतीसच्या सदतीस जणांचा होकार आला. कोणी पाण्याच्या टाकीच्या श्रमदानाचे प्रमुख, कोणी रक्तदात्यांचे, कोणी गणपतीच्या आरासीचे, कोणी व्यायामशाळेचे. दिघीहून एका गृहस्थांनी कळवलं की आमच्या मंडळात सध्या मी एकटाच आहे, तरी प्रमुख म्हणून येऊ का.

हॉलचं मात्र हसं झालं. निगडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका संस्थेचा हॉल होता. तिथल्या कारकुनाने छापील अर्ज पुढे सरकवला. त्यात कारणाच्या रकान्यात तीनच पर्याय होते, लग्न, मुंज आणि बारसं.

“आमचं प्रशिक्षण आहे,” उद्धवराव म्हणाले.

“प्रशिक्षण यात नाही.”

“मग खाली लिहू का?”

“खाली लिहिलं की अर्ज कमिटीपुढे जातो. कमिटी जानेवारीत बसते. मागच्या जानेवारीत बसली नव्हती.” कारकून चष्मा पुसत आपुलकीने म्हणाला, “साहेब, लग्न लिहा. लग्नाला कोणी काही विचारत नाही.”

आयुष्यात कधी खोटी नोंद न केलेल्या उद्धवरावांनी ‘लग्न’ लिहिलं. पुढचा रकाना दोन्हीकडच्या आडनावांचा होता. आता त्यात काय लिहायचं? एक त्यांचं होतं, आणि दुसरं घाईत जे सुचलं ते.

शिबिराच्या दिवशी सकाळी नऊ वाजता प्रा. अष्टपुत्रे तक्त्यांची गुंडाळी काखेत घेऊन रिक्षातून उतरले आणि हॉलच्या दारात थबकले. दाराला केळीचे खांब लावलेले, वर आंब्याची पानं, आणि फळ्यावर रंगीत खडूने सुबक अक्षरात लिहिलेलं, ‘वाघचौरे – अष्टपुत्रे शुभविवाह’. प्राध्यापक सज्जन होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं आणि एवढंच विचारलं, “वाघचौरे म्हणजे आपणच ना?” उद्धवरावांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण निगडीच्या मुरमाड जमिनीने त्यांना दाद दिली नाही.

खरा घोटाळा आत होता. लग्नाच्या नियमाप्रमाणे संस्थेने हॉल, सहा सतरंज्या आणि पाण्याची दोन पिंपं दिली होती. सतरंज्या कोपऱ्यात गुंडाळून उभ्या, पिंपं रिकामी, नळ मागच्या अंगणात. आणि हॉलमध्ये पिवळे बिल्ले लावलेले छत्तीस प्रमुख, सदतिसावे अजून यायचे होते.

कोणी वाईट नव्हतं. प्रत्येकजण मदतीला तत्पर होता, म्हणजे सूचना करायला. एका सतरंजीभोवती पाच प्रमुख उभे राहिले. एक म्हणाला, आधी केर काढायला सांगा. दुसरा म्हणाला, लांबीच्या बाजूने घालायला सांगा. तिसऱ्याने विचारलं, पण घालणारी माणसं कुठे आहेत? व्यायामशाळेच्या प्रमुखांनी शिट्टी वाजवली, तीही दोनदा. शिट्टी ऐकून जायला तिथे कोणी नव्हतंच. प्राध्यापक आपले तक्ते छातीशी धरून खिळा शोधत हिंडत होते. साडेदहा वाजले तरी सतरंज्या उभ्या आणि माणसंही उभी.

तेवढ्यात चिमाजीराव आले. देहूरोडच्या विहारात दर वर्षी मेळावा भरे, हजारो माणूस येई, आणि त्याच्या स्वयंसेवकांचे चिमाजीराव प्रमुख. त्यांच्याबरोबर एक पन्नाशीच्या बाई होत्या. हिरवं लुगडं, पायात रबरी चपला, हातात कापडी पिशवी.

“या शालनबाई,” चिमाजीराव म्हणाले. “वाघचौरेसाहेब, कागदावर प्रमुख मी. पण दोनशे माणसं जमतात ती यांच्या शब्दावर. म्हणून म्हटलं, शिकायचं तर यांनीच शिकावं.”

उद्धवरावांनी यादी पाहिली. यादीत शालनबाई नव्हत्या. नाव नाही म्हणजे बिल्ला नाही, आणि बिल्ला नाही म्हणजे काय करावं हे त्यांना कुठल्याच नियमात सापडेना. “बाई, तुम्ही निरीक्षक म्हणून मागे बसा,” त्यांनी मोठ्या मनाने तोडगा काढला.

“बसते की,” शालनबाई म्हणाल्या. “पन खाली काय अंथरलेलं न्हाई.”

त्यांनी पदर खोचला, सतरंजी आडवी केली आणि एकटीने एक टोक ओढलं. मग शिट्टीवाल्यांकडे बघून म्हणाल्या, “दादा, तुमचं हात लांब हायेत. तेवढं पल्याडचं टोक धरता का?” एवढा वेळ शिट्टी धरून ताटकळलेल्या त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की बघत राहावं. रक्तदात्यांच्या प्रमुखांना त्या म्हणाल्या, “तुमाला उंची हाय, गुरुजींचं तक्तं तुमीच लावा.” पाण्याच्या टाकीवाल्यांना म्हणाल्या, “पान्यातलं तुमच्यावानी कुनाला कळनार?” त्यांनी हां हां म्हणता दोन्ही पिंपं भरली. दिघीचे एकटे प्रमुख कोपऱ्यात संकोचून उभे होते. त्यांच्या हातात पिशवीतला लोटा देऊन म्हणाल्या, “आलेल्याला पानी इचारायचं काम लई जोखमीचं असतंय भाऊ. त्ये तुमी बगा.” वीस मिनिटांत हॉल झाडून, अंथरून, माणसं बसून तयार. कोणाला हुकूम दिल्याचं कोणी ऐकलं नाही.

उद्धवराव हे सारं दारात उभं राहून बघत होते. प्रथम त्यांना राग आला, कारण यादीबाहेरच्या बाईने यादीतल्यांना कामाला लावलं होतं. मग राग मनात धरायला त्यांना जागाच सापडेना, कारण बाई जे करत होत्या ते इतकं सुंदर होतं. सतरा वर्षांत त्यांनी हजारो माणसं कामावर जाताना नोंदली, पण माणूस कामाला हौसेने उठतो कसा, हे आज प्रथम पाहिलं.

प्राध्यापकांनी तक्ता उलगडला आणि पहिला प्रश्न टाकला, “न येणाऱ्या स्वयंसेवकाला परत कसं आणाल?” कोणी म्हणालं, दंड करू. कोणी म्हणालं, फळ्यावर नाव लिहू. उद्धवरावांनी उभं राहून आपली मेमोची पद्धत सविस्तर सांगितली, आणि उदाहरणादाखल ज्ञानदेवचं प्रकरण तारखेनिशी मांडलं. प्राध्यापक मागे वळले. “बाई, तुम्ही काय करता?”

शालनबाई पदर सावरत उठल्या. मग हळूच म्हणाल्या, “आमी त्येच्या घरी जातो. का आला न्हाईस, असं न्हाई इचारायचं. जेवलास का, असं इचारायचं. काय अडचन असंल ती तोच सांगतो.” मग उद्धवरावांकडे वळून त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, “भाऊसायेब, त्यो ज्ञानदेव त्या दिशी कंच्या पाळीला व्हता?”

उद्धवरावांना कोणाचीही पाळी तोंडपाठ होती. “दुसऱ्या,” ते चटकन म्हणाले. “साडेतीन ते बारा.”

“आन वर्ग कवा असतो?”

“सहा वाज—” उद्धवराव मध्येच थांबले.

उद्धवरावांच्या डोळ्यांपुढे त्यांच्याच टेबलावरचे दोन हजेरीपट आले. एकात नऊ तारखेला संध्याकाळी सहा वाजता ज्ञानदेव मशीनवर हजर होता, दुसऱ्यात त्याच वेळी विनापरवानगी गैरहजर. दोन्ही नोंदी त्यांच्याच वळणदार अक्षरात, एकाच दिवशी, एकाच खुर्चीत बसून केलेल्या. आणि ज्ञानदेव एकटा नव्हता. वर्ग सोडून गेलेल्या सतराच्या सतरा जणांच्या लाल खुणा त्यांनी मनात ताडून पाहिल्या. वार अक्षरक्रमाने, पाळ्या आठवड्याने, दोहोंचा मेळ त्यांनी कधी घातलाच नव्हता. साऱ्या कारखान्यात ज्या एका माणसाला हे ठाऊक असायला हवं होतं, त्यानेच त्या पोरांना घालवलं होतं. त्यांना स्वतःची मनस्वी लाज वाटली.

“लेखी खुलासा आता मीच द्यायला हवा,” ते पुटपुटले.

शालनबाई म्हणाल्या, “असूं द्या भाऊसायेब. एवढी मानसं तुमी जमवलीत, आमाला न्हाई जमली असती. तुमाला मानसं पाहिजेत ना? ह्यांना इचारा की. परत्येकाची सुट्टी निराळी हाय म्हंजी रोज कुनाची ना कुनाची सुट्टी असतीच.”

ज्या कागदाने उद्धवरावांचे तीन दिवस खाल्ले होते, तोच त्यांनी खिशातून काढला आणि भिंतीवर लावला. मग तिथे जे झालं त्याला प्राध्यापकांनी नंतर एक भारदस्त नाव दिलं, पण खरं म्हणजे ती देवाणघेवाण होती. भोसरीकरांनी गुरुवारी चार मॅट्रिकवाले द्यायचं कबूल केलं. त्या बदल्यात त्यांच्या श्रमदानाला रविवारी इकडचे जाणार. शुक्रवार चिंचवडने उचलला. दिघीचे एकटे म्हणाले, सोमवारी मी येतो, मला गणित बरं येतं. प्राध्यापकांनी आपले उरलेले तक्ते गुंडाळून ठेवले आणि संध्याकाळपर्यंत वहीत लिहीत राहिले.

शेवटी प्रमाणपत्रं वाटली. प्राध्यापकांनी कोऱ्या प्रमाणपत्रावर स्वतःच्या हाताने शालनबाईंचं नाव घातलं आणि पोच म्हणून सहीचा कागद पुढे केला. बाईंनी इकडेतिकडे बघितलं. “शाई असंल का?” त्यांनी विचारलं, आणि अंगठा पुढे केला.

उद्धवराव चकित झाले. दोनशे माणसांची नावं, घरं, पाळ्या, अडचणी या बाई निव्वळ डोक्यात ठेवत होत्या.

“पोरीला बी.ए. केली, पोरं फॅक्टरीत चिकटली, वस्तीतल्या बायकांना मागं लागून शाळंत घातलं,” शालनबाई म्हणाल्या. “सगळ्यांना शिकवायच्या नादात माजाच नंबर राहिला.”

“आमच्या वर्गाला याल?” उद्धवरावांनी विचारलं.

“येते की. पिंपरीतच ऱ्हाते मी. पन शिकायला येनार, सांगून ठेवते.”

त्या आठवड्यात उद्धवराव त्यांच्याबरोबर त्या सतराही जणांच्या घरी गेले. ज्ञानदेव दारात लुंगीवर उभा होता. उद्धवरावांनी घसा साफ केला आणि पाठ केल्यासारखं विचारलं, “जेवलास का?” ज्ञानदेवने संशयाने बघितलं. “राव, हे पण लेखी द्यायचंय का?” मग शालनबाईंकडे बघून तो हसला, आणि आतून पाट आणायला सांगितले. उद्धवरावांनी सगळ्यांपुढे चूक कबूल केली. पहिल्या घरी ती कबूल करायला त्यांना पाऊण तास लागला, सतराव्या घरी दोन मिनिटं. नवं वेळापत्रक पाळ्या बघून झालं. सतरांतले चौदा परतले. उरलेल्या तिघांतला एक कंपनीच सोडून गेला होता, आणि दोघांनी जेवायला घातलं, पण यायचं कबूल केलं नाही.

तीस नोव्हेंबरला सहा वाजता मोठे साहेब शेडमध्ये आले. बरोबर स्टोअरचा माणूस होता, जागा मोजायला टेप घेऊन. दार उघडं होतं. आत पन्नासेक माणसं बसलेली, मधून शिकवणारे फिरतायत. चिंचवडचे दोघे पाढे घेत होते, ज्ञानदेव हमालांना बेरीज समजावत होता. टाइम ऑफिसचे वाघचौरे जमिनीवर मांडी घालून बसले होते. गिरजाबाईंच्या पाटीवर ‘जा’ पुरा झाला होता, आणि तो कोणाला दाखवावा हे उद्धवरावांना सुचत नव्हतं. त्यांच्या सदऱ्याला खडू लागला होता आणि हजेरीपट कुठेच दिसत नव्हता.

साहेबांनी रांगांवरून एकदा नजर फिरवली. मग त्यांनी स्टोअरच्या माणसाला टेप घेऊन परत जायला सांगितलं.

“वाघचौरे, हे सगळं सांभाळतं कोण?” ते म्हणाले. “प्रमुख कोण आहे इथला?”

तीन महिन्यांपूर्वी या प्रश्नाला उद्धवराव ताठ उभे राहिले असते. आता ते उठले ते गुडघे झटकत, आणि त्यांनी पहिल्या रांगेकडे हात केला. ज्ञानदेवही तिकडेच बघत होता, चिंचवडचे दोघेही.

शालनबाई पाटीवर मान खाली घालून ‘श’चा काना ओढत होत्या. सगळे आपल्याकडे बघताहेत हे त्यांना उशिरा कळलं. त्यांनी पाटी पदराखाली घेतली.

“मला काय इचारता सायेब,” त्या म्हणाल्या, “मी तर अजून पहिलीत हाय.”